पुनरुज्जीवनाच्या दोन तऱ्हा

बायबलांतील धार्मिक पुनरुज्जीवनाच्या कथा आपण बहुधा एकाच मापाने मोजतो: लोक रडले, मूर्ती फुटल्या, उपास घडले, म्हणजे पुनरुज्जीवन झाले. परंतु योशीया राजा आणि एज्रा शास्त्री यांच्या कथा शेजारी ठेवून वाचल्या, तर दोहोंतील भेद लपत नाही. योशीयाच्या कारकीर्दीच्या अठराव्या वर्षी मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. राजाने वस्त्रे फाडली व हुकूम सोडून उच्चस्थाने भ्रष्ट केली. पुढे तो मगिद्दो येथे मारला गेला, आणि त्याच्या पुत्रांनी पुन्हा जुनीच वाट धरली. एज्राने मात्र यरुशलेमेत, पाणीवेशीपुढील चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत ग्रंथ वाचला, व लेव्यांनी लोकांस त्याचा अर्थ उलगडून सांगितला. लोक रडू लागले तेव्हा त्यांस सांगण्यात आले की, रडू नका. जेवा, आणि ज्यांच्या घरी काही सिद्ध नाही त्यांस वाटे पाठवा.

या दोन्ही तऱ्हा रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या एकाच चरित्रात आढळतात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ सेवा केली. १९१७ साली ती सोडून साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, ही कल्पना उदात्त खरी. पण ती एका पुरुषाच्या तेजावर उभी होती. त्यांच्यामागे तिने मूळ धरले नाही. हा योशीयाचा मार्ग होय.

त्यांच्या अभंगांची गोष्ट निराळी. ख्रिस्ती कीर्तन नगरच्या परिसरात आधीच रुजले होते. टिळकांनी ज्ञानोबा-तुकोबांची भाषा त्या भक्तीस मिळवून दिली. भाषांतराच्या मराठीत जे परके वाटे, ते कानास घरचे झाले. हे लेव्यांचेच काम. दरबार मोडला, पदे मात्र आजही उपासनेत गायिली जातात.

तथापि एवढ्याने निश्चिंत होऊ नये. नहेम्या काही काळ दूर गेला, तोच शब्बाथाच्या दिवशी यरुशलेमेत बाजार भरू लागला. समजलेलेही विसरले जाते. जी मंडळी ही पदे केवळ पाठ आहेत म्हणून गाते, आणि शेजाऱ्याच्या घरी वाटा पाठवीत नाही, तिच्या मंदिरात ग्रंथ पुन्हा हरवलेलाच आहे.