लाल चोपड्यांमधला लेखक

जिम कॉर्बेटच्या कुमाऊंमधल्या नरभक्षकांवरच्या पुस्तकाचा बंगाली अनुवाद कोलकात्याच्या सिग्नेट प्रेसनं काढला, तेव्हा त्याचं वेष्टन सत्यजित राय यांनी केलं. वेष्टन म्हणजे पट्टेरी वाघाचं कातडंच. पुढच्या बाजूला गोळी शिरल्याचं भोक, त्यात पुस्तकाचं नाव. मागच्या बाजूला गोळी बाहेर पडल्याचं भोक, त्यात पुस्तकाची ओळख. मागचं भोक पुढच्यापेक्षा मोठं आहे, कारण गोळी बाहेर पडताना जखम मोठी करते. ओळखीच्या मजकुरालाही नावापेक्षा जास्त जागा लागतेच. शिकाऱ्याचं ज्ञान आणि मांडणीची गरज, दोन्ही एकाच भोकात बसली.

राय यांच्या पुस्तकांकडे मी या वेष्टनावरून जातो. एरवी आपण ‘पथेर पांचाली’पासून निघतो आणि पुस्तकांना थोर दिग्दर्शकाची फावल्या वेळातली कामगिरी समजतो. गुप्तहेर फेलूदाच्या कथा मुलांच्या कपाटात, सिनेमावरचे लेख अभ्यासकांच्या, टाइपफेस मुद्रणवाल्यांच्या. अशी वाटणी झाली की हे सगळं एकाच हातातून आलंय हे दिसेनासं होतं. राय लाल कापडी बांधणीच्या, दुकानदार हिशेबाला वापरतात तसल्या चोपड्या वापरत. त्यांत संवाद, पात्रांचे चेहरे, कपडे, दृश्यांच्या चौकटी शेजारी शेजारी असत. लेखन आणि रेखाटन यांच्यात त्यांनी कधी भिंत घातलीच नाही.

ही सवय घरातली होती. आजोबा उपेंद्रकिशोर मुलांसाठी लिहीत, चित्रं काढत आणि हाफटोन ठशांच्या तंत्रावर संशोधनही करत. 1913 मध्ये त्यांनी ‘संदेश’ हे मुलांचं मासिक सुरू केलं. वडील सुकुमार इंग्लंडला जाऊन मुद्रण शिकून आले. ‘आबोल ताबोल’ हा त्यांचा कवितासंग्रह 1923 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या काही दिवसांनी बाहेर पडला. सत्यजित तेव्हा अडीच वर्षांचे होते. पुढे छापखाना बुडाला, गडपार रोडवरचं घर सुटलं, आई मुलाला घेऊन भवानीपूरला भावाकडे राहायला गेली.

‘जखन छोटो छिलाम’ या 1982 सालच्या छोट्या पुस्तकात हे सगळं येतं, आणि त्यांच्या गद्यातलं सर्वांत सुंदर पुस्तक मला हेच वाटतं. दुःखाचा उच्चार जवळजवळ नाही. टर्पेंटाइनचा वास आला की ठशांचा विभाग डोळ्यांपुढे उभा राहतो. मामाच्या घरी दुपारी बंद खिडकीच्या फटीतून उजेड येतो आणि रस्त्यावरची वाहतूक भिंतीवर उलटी चालताना दिसते. वडिलांची आठवण एकच. गंगेकाठच्या खोलीत ते चित्र काढत बसलेत, जहाज जातंय असं मुलाला सांगतात, मूल अंगणात धावतं आणि बोट भोंगा वाजवत जाताना बघतं. वडिलांचा चेहरा कसा होता, ते काय चितारत होते, यातलं काही राय रंगवून सांगत नाहीत. जेवढं दिसलं तेवढंच. मोह किती झाला असेल!

1961 मध्ये त्यांनी ‘संदेश’ पुन्हा सुरू केलं आणि मासिकाची पानं भरायला म्हणून गोष्टी लिहू लागले. त्याच वर्षी संशोधक प्रोफेसर शोंकू आला, 1965 मध्ये फेलूदा. माझं मन मात्र सुट्या कथांवर आहे. पतोलबाबूची कथा घ्या. या साध्या माणसाला सिनेमात काम मिळतं, पण संवाद एका अक्षराचा: वाटसरू म्हणून नायकाशी टक्कर झाली की ‘आः’ म्हणायचं. आधी तो खट्टू होतो. मग ते अक्षर चिमटा बसल्यासारखं, गरम चहानं पोळल्यासारखं, नाना तऱ्हांनी म्हणून बघतो आणि त्यात त्याला केवढातरी ऐवज सापडतो. ‘एक्षण’ या नियतकालिकाची मुखपृष्ठं शेजारी ठेवली की ही कथा जास्त कळते. तीनच अक्षरं, आणि राय यांनी अंकागणिक त्यांना नवं वळण दिलं.

उणीव मोठी आहे आणि ती सांगायलाच हवी. फेलूदा आणि शोंकू यांच्या जगात बायका जवळजवळ नाहीतच. ‘चारुलता’सारखा एका बाईच्या मनाचा सिनेमा करणाऱ्या माणसाच्या कथांत हे खटकतं. किशोरांचं मासिक हे कारण मला पुरेसं वाटत नाही. उत्तरार्धातल्या काही फेलूदाकथाही साच्यातून काढल्यासारख्या आहेत.

पण वेरूळची कथा वाचताना मी ही तक्रार विसरतो. भुवनेश्वरच्या मंदिरातलं यक्षीचं डोकं तोडून विकलं जातं, त्या टोळीच्या मागावर फेलूदा औरंगाबादेत आणि तिथून कैलास लेण्यात पोचतो. शांतिनिकेतनात नंदलाल बोस आणि विनोदबिहारी मुखर्जी यांच्याकडे शिकत असताना राय अजिंठा-वेरूळला येऊन गेले होते. त्यामुळे या कथेतला संताप गुप्तहेराइतकाच त्या विद्यार्थ्याचाही आहे.

मराठीत फेलूदा अशोक जैन यांनी आणला, रोहन प्रकाशनानं छापला, आणि आपल्याकडच्या मुलांनी तो आपलासा केला. मात्र बंगाली शीर्षकांची हातानं काढलेली अक्षरं, ज्यांत कथेचा सूर आधीच लागलेला असतो, ती देवनागरीत उतरवायची तर तितक्याच तोलाचा अक्षरकार हवा. असे हात आपल्याकडे होते, आजही आहेत. बालसाहित्याच्या पुस्तकाला आपण तेवढा वेळ आणि पैसा देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

राय यांचं ‘माय इयर्स विथ अपू’ हे अपूच्या सिनेमांच्या आठवणींचं पुस्तक 1994 मध्ये, मृत्यूनंतर दोन वर्षांनी आलं. पक्कं हस्तलिखित गहाळ झालं होतं. मागे उरला होता तो कच्चा खर्डा. पत्नी बिजोया तो घेऊन बसल्या आणि त्यांनी त्यातून पुस्तक उभं केलं.