साक्षीनंतरची निराशा : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील एक अनुत्तरित प्रश्न

मराठी ख्रिस्ती आत्मकथनांचा विचार आपल्याकडे बहुधा धर्मांतराच्या क्षणाभोवती घुटमळत राहतो. बाप्तिस्म्यापूर्वीची तगमग, ग्रंथवाचन, आप्तांचा विरोध आणि अखेरीस स्वीकार, असा हा आलेख समीक्षकांना सोयीचा वाटतो. परंतु स्वीकारानंतर जी निराशा वाट्याला येते तिचे काय? जिच्यावर सर्वस्व ओवाळून टाकले त्या मंडळीनेच अपेक्षाभंग केला, तर विश्वास कोणत्या भाषेत टिकतो? प्रस्तुत लेखात हा प्रश्न पंडिता रमाबाई आणि टिळक दांपत्य यांच्या संदर्भात तपासावयाचा आहे.

प्रथम 'साक्ष' या प्रकाराची घडण पाहू. साक्ष ही मुळात 'पूर्वी' आणि 'आता' यांच्या ताणावर उभी असते. निराशेला तिच्यात जागा आहे, पण ती 'पूर्वी'च्या घरात. रमाबाईंच्या 1907 मधील इंग्रजी साक्षीत हे स्पष्ट दिसते. 1870 च्या दशकातील दुष्काळात आईवडील गेले, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. येथे आलेख संपावयास हवा होता. तो संपत नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडलेला नव्हता, असे त्या पुढील काही वर्षांविषयी सांगतात. म्हणजे बाप्तिस्म्यानंतरची रितेपणाची जाणीव त्या लपवीत नाहीत; मात्र ती सांगण्यासाठी त्यांना नवा 'आता' उभारावा लागतो आणि पहिले धर्मांतर 'पूर्वी'त ढकलावे लागते. साक्षीच्या घाटाची ही मर्यादा आहे. वर्तमानातील निराशा तो बोलू देत नाही.

ती बोलते पत्रांत. सिस्टर जेराल्डिन यांनी संकलित केलेला आणि अ. भि. शहा यांनी संपादित केलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार 1977 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील रमाबाई धर्मगुरूंच्या अधिकाराविषयी वाद घालतात आणि आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाकडे गहाण ठेवण्यास नकार देतात. हा वाद अश्रद्धेतून आलेला नाही. मराठी ख्रिस्ती परिभाषेत 'श्रद्धे'पेक्षा 'विश्वास' हा शब्द अधिक रुळला, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण वाटते. श्रद्धा ढळते, उडते. विश्वासाचा मात्र घात होऊ शकतो, कारण त्याला समोर दुसरा कोणी लागतो. ज्याच्याकडून घात होऊ शकतो त्याच्याशी भांडताही येते. 1921 मध्ये कन्या मनोरमा गेली आणि 1922 मध्ये स्वतः रमाबाई. या शेवटच्या आघाताला साक्षीचा घाट लाभला नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अखेरीपर्यंत चाललेले बायबलच्या भाषांतराचे काम हेच त्याचे उत्तर मानावे लागते. (मांजरीच्या स्थानकावरून जाणारी दौंडची लोकल केडगावला थांबते, आमच्या अभ्यासक्रमांना मात्र ते स्थानक अजून लागलेले नाही.)

रेव्हरंड टिळकांचा मार्ग वेगळा. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांसाठी 'देवाचा दरबार' मांडला. 1919 मध्ये ते निवर्तले. दरबार मूळ धरण्याआधीच पोरका झाला. मिशनने केलेली निराशा ख्रिस्ताच्या माथी मारावी लागली नाही, याचे श्रेय माझ्या मते अभंगाला जाते. आर्जव, रुसवा, आरोप हे सारे भक्तीच्या पोटातच सामावून घेण्याची सोय वारकरी परंपरेने आधीच करून ठेवली होती. बायबलातील स्तोत्रसंहिता आणि ईयोब यांतही देवाशी भांडण आहेच. पण मिशनरी गद्याने ते फारसे उचलले नाही. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोहोचलेल्या टिळकांना ते घरातच मिळाले.

'स्मृतिचित्रे'त ही सोयही नाही. 1934 पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या विनोदाचे आणि प्रांजळपणाचे कौतुक इतके झाले की लक्ष्मीबाईंचा विश्वास जणू पतिनिष्ठेचाच विस्तार ठरला. हे वाचन मला अपुरे वाटते. पतीच्या धर्मांतराने आलेली ताटातूट त्यांनी सोसली. पण त्या ख्रिस्ताकडे वळल्या त्या जातिभेद मनुष्यकृत आहे हे स्वतः उमगल्यावर. त्यांचा विनोद दुःखावर पांघरूण घालीत नाही. निराशेला तो शेवटचा शब्द बोलू देत नाही, इतकेच. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे चालवून पुरे केले, ते याच वृत्तीने.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो गंभीर आहे. 'मंडळी चुकली, ख्रिस्त नाही' असे म्हणून बाहेर पडणे टिळकांना शक्य होते. कवी म्हणून आणि ब्राह्मण म्हणूनही त्यांच्यापाशी प्रतिष्ठेचे भांडवल होते. नगर जिल्ह्यातील खेड्यांत महार-मांग समाजांतून जे ख्रिस्ती झाले, त्यांची शाळा, रोजगार आणि इभ्रत मिशनशी बांधलेली होती. त्यांनी राजीनामा कशाचा द्यावा? चोखोबांना देवळाबाहेर उभे राहून विठ्ठलाला जाब विचारावा लागला; यांना देवळाच्या आत बसून. पुढे 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींतूनही ते वगळले गेले, आणि ही स्थिती आजही कायम आहे. मंडळीत जात भेटली, राज्याने जात नाकारली. तरी रविवारची उपासना सुटली नाही. या विश्वासाचे स्वरूप साक्षीच्या वा काव्याच्या निकषांवर जोखता येणार नाही. ते शोधण्यासाठी गावोगावच्या मंडळ्यांची इतिवृत्ते, हस्तलिखित भजनवह्या आणि वृद्ध स्त्रियांच्या तोंडच्या प्रार्थना यांकडे वळावे लागेल. ही सामग्री अद्याप मराठी विभागांच्या कक्षेबाहेर आहे.