‘देवी काढणे’ : एका शब्दाची साक्ष

डेव्हिड आर्नल्ड यांच्या ‘कॉलोनायझिंग द बॉडी’ (१९९३) या ग्रंथातील देवीच्या रोगाचे विवेचन मार्मिक आहे. जुन्या टोचणीबरोबर शीतलेची पूजा असे; नव्या लशीत ती नव्हती, आणि लोकांच्या अविश्वासाचे एक मूळ तेथे होते, असे ते दाखवितात. पुरावा मात्र मुख्यतः बंगालचा आहे. मुंबईत पहिली लस १८०२ साली टोचली गेली, सक्तीचा कायदा १८७७ साली झाला. आणि मराठीने रोगास ‘देवी’ म्हटले, तसे लस टोचण्यासही ‘देवी काढणे’ म्हटले. श्रद्धेने लस आपलीशी केली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे होतो. तोही आवरावयास हवा. वरळीच्या बीडीडी चाळींतील अनेक कुटुंबांनी १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर देव्हारे उतरविले. शब्द तेवढा जिभेवर राहिला. तेव्हा शब्द हा श्रद्धेचा पुरावा नव्हे, विरोधाचा तर नव्हेच. १६० चौरस फुटांच्या एका खोलीत राहणारी आई लस नाकारते, तेव्हा तिला देवीचा कोप आडवा येतो, की टोचल्यानंतरचा मुलाचा ताप आणि गिरणीतला खाडा? ‘धार्मिक पूर्वग्रह’ या सरकारी शब्दात हा भेद मावत नाही. आणि आर्नल्ड यांची साधनेही बहुतांशी सरकारीच आहेत.