आपल्याच गोष्टीतले एक्स्ट्रा

विदर्भ एक्सप्रेसने मुंबईहून गोंदियाला यायचं म्हणजे अख्खी रात्र आणि अर्धी सकाळ हाताशी असते. मागच्या फेरीत तेवढ्या वेळात मी ‘द लॅझरस हाइस्ट’ या बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसच्या पॉडकास्टचं दुसरं पर्व पुन्हा ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नुसतं आवडलं होतं. या वेळी थोडं खुपलंही.

उत्तर कोरियाच्या सरकारसाठी काम करणारे हॅकर जगभरातल्या कंपन्या आणि बँका कशा फोडतात, त्याची ही मालिका. निवेदक दोघं: तंत्रज्ञानाचे पत्रकार जेफ व्हाइट आणि असोसिएटेड प्रेसचं प्याँगयाँगमधलं कार्यालय सुरू करणाऱ्या जीन ली. पहिल्या पर्वात २०१४ चा सोनी पिक्चर्सवरचा हल्ला होता, २०१६ ची बांगलादेश बँकेची लूट होती. २०२३ चं दुसरं पर्व सुरू होतं ते थेट आपल्याकडे, पुण्याच्या कॉसमॉस बँकेत.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएमच्या व्यवहारांना ‘हो’ की ‘नाही’ हे सांगणाऱ्या यंत्रणेत हॅकर आधीच घुसले होते. खात्यात पैसे आहेत का, हा प्रश्न बँकेच्या मूळ संगणकापर्यंत पोचतच नव्हता; मध्येच बसवलेली खोटी यंत्रणा परस्पर ‘द्या’ म्हणत होती. बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून दोन-सव्वादोन तासांत हजारो वेळा पैसे निघाले. १३ तारखेला स्विफ्टमार्गे आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण फटका ९४ कोटींच्या वर. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ मध्ये या लुटीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. तो देश असे आरोप नाकारतो.

हे सगळं मालिका इतकं सोपं करून सांगते की इअरफोन काढवत नाही. मग खुपलं कुठे?

मालिका आपल्याकडे शिरते ती एका गमतीदार दारातून. महाराष्ट्रातल्या काही माणसांना सांगितलं गेलं होतं की सिनेमात छोटंसं काम आहे, एटीएममधून पैसे काढायचा सीन आहे. ऐकायला झकास. पण बॉलिवूडचं नाव निघालं की आपण पडद्यामागचं कापड होतो. गोष्ट पुढे प्याँगयाँग आणि वॉशिंग्टनकडे निघून जाते. रोजंदारीवर असल्या ‘सीन’ला हो म्हणणारा माणूस मागेच राहतो. आमच्या जिल्ह्यात धानाची कापणी उरकली की कामासाठी बाहेर पडणारी पोरं कमी नाहीत. त्यांच्यातला एखादा गेला नसता, असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. ती साखळीच्या या टोकाची माणसं. हुकूम सोडणारं टोक त्या पिंजऱ्यात नव्हतं.

दुसरं खुपणं जास्त गंभीर आहे. कॉसमॉस ही १९०६ पासूनची सहकारी बँक, म्हणजे सभासदांच्या मालकीची. सीमेवर परक्या देशाचा एक शिपाई आत आला तर दिल्ली हलते. इथे एका देशाने बँक लुटल्याचा संशय, आणि फिर्याद नोंदली गेली चतुःशृंगी पोलीस ठाण्यात. राष्ट्राची सीमा आता एका बँकेच्या सर्व्हररूममधून जाते आणि पहाऱ्यावर असतात त्या बँकेचेच कर्मचारी. मालिकेच्या हातात हे सगळं होतं. ती त्यावर थांबत नाही, कारण चोर पहारेकऱ्यापेक्षा नेहमीच रंगतदार.

ऐकता ऐकता गाडी तिरोड्याला आली. इथे अदानींचं ३,३०० मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र आहे. केंद्र खासगी, पण त्याची वीज साऱ्या राज्याची. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. १ मार्च २०२१ ला राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले, सायबर घातपाताची शक्यता आहे. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, माणसाची चूक. अंधारात बसलेल्या माणसाच्या हाती दोन गोष्टी आल्या, उत्तर एकही नाही. तिथेही आपण एक्स्ट्राच.

एप्रिल २०२२ मध्ये निघालेला नियम आहे: हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कंपनीने केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेला कळवायचं. चांगलं आहे. पण ही खबर कंपनीकडून सरकारकडे जाते. खातेदाराला काय सांगायचं, ते त्या ६ तासांत येत नाही.

तरीही मालिका ऐकाच. रहस्यकथेसारखी ऐका, मग एकदा आपल्या बाजूने ऐका. घरी पोचल्यावर मी बाबांना कॉसमॉसची गोष्ट सांगितली. ते आजही दर महिन्याला सायकलने जाऊन पासबुकात नोंद करून आणतात. सगळं शांतपणे ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “मग त्या दिवशी बँकेत कोण होतं?”

दोन पर्वं ऐकली, पण याचं उत्तर काही मला देता आलं नाही.