मोडी अक्षर कसें पाहावें?

काशीदच्या किनाऱ्यावरून दक्षिणेस मुरूडची वाट धरिली म्हणजे पुढें जंजिऱ्याचा कोट लागतो. लोक तेथें तोफा पाहून परततात. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे वडील याच जंजिऱ्याच्या सिद्दीच्या चाकरींत होते, आणि मोडीचें ‘चिटणिशी’ वळण परंपरा बाळाजींच्याच नांवावर सांगते, हें फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

मोडी कागदांत संशोधक तारीख व शिक्का शोधतो. इतरांस (१९५० नंतर मोडी शाळांतून व दप्तरांतून मागें पडल्यामुळें हे इतर म्हणजे बहुतेक आपण सर्वच) ती मुंग्यांची रांग वाटते. अक्षर म्हणून तिच्याकडे पाहतो कोण?

याबाबतींत चिनी रसिकांपासून शिकण्याजोगें आहे. वांग शीझ याची इ. स. ३५३ मधील प्रस्तावना तिकडे सुलेखनाचा मुकुटमणि मानितात. मूळ प्रत नष्ट झाली, नकला उरल्या. तींत एकच अक्षर सुमारें वीस वेळां आलें आहे, तें दर वेळीं निराळ्या वळणानें! कुंचला कोठें टेकला, कोठें दाबला, कोठें उचलला, हें तेथील रसिक मनांतल्या मनांत गिरवितो.

मोडीलाही हीच कसोटी लावावी. लिहिणारा प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत रेघ ओढीत असे व मग बोरूनें तिच्याखालीं अक्षरें टांगीत असे. शब्दांत अंतर नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं. हात शक्य तों न उचलतां एका अक्षराच्या शेवटांतून दुसऱ्याचा आरंभ काढावयाचा. म्हणून मोडीचें सौंदर्य अक्षरांपेक्षां त्यांच्या सांध्यांत अधिक. फिकट होत आलेल्या ओळींत एकदम काळेभोर अक्षर दिसलें, कीं तेथें बोरू दौतींत बुडाला असें समजावें. शाई वाळविण्यासाठीं टाकिलेल्या वाळूचे कणही क्वचित् कागदाला चिकटलेले आढळतात.

पेशवाईंतील अक्षर गोल, दाट व एकसारखें. पाहतांच डोळा निवतो. तरी मला त्यापूर्वींचें थोडें ओबडधोबड अक्षरच अधिक भावतें. त्यांत घोड्यावर बसूं पाहणाऱ्या जासुदाची घाई उतरली आहे.

हल्लीं पत्रिकांवर व पाट्यांवर मोडी सजवून काढितात. काढितात, लिहीत नाहींत! सावकाश रेखाटलेला सांधा निर्जीव होतो. त्यापेक्षां पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनीं जपलेल्या कागदांपैकीं एखाद्याचें छायाचित्र मिळवावें आणि मोडी येत नसली तरी त्यावर पातळ कागद ठेवून एक ओळ न थांबतां गिरवावी. चारसहा अक्षरें होतात न होतात तों मनगट आपोआप वळूं लागतें.