चिमणरावाचा पडदा-प्रवेश : एक टिपण

विनोदी वाङ्मयावरून चित्रपट निघाला म्हणजे तो मूळ कथेशी कितपत प्रामाणिक राहिला, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. मास्टर विनायक यांनी ‘नवयुग’साठी दिग्दर्शित केलेल्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) या बोलपटाच्या बाबतीत तो गौण होय. चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंवर हा बोलपट बेतलेला असून दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांनी अनुक्रमे त्या भूमिका केल्या. त्यात कथानक किती बदलले यापेक्षा कथा सांगणाऱ्याचे काय झाले, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

‘चिमणरावाचे चऱ्हाट’ (१९३३) मधील विनोद प्रसंगनिष्ठ आहे खरा. परंतु त्याचे मर्म निवेदनात आहे. चिमणराव आपली फजिती आपल्याच तोंडाने, अत्यंत गंभीरपणे सांगतो. आपण हास्यास्पद ठरत आहोत, याची त्याला गंधवार्ताही नसते. स्वतःच्या भित्रेपणाला तो सावधपणा मानतो. त्याच्या शब्दांआडचे सत्य वाचकालाच ताडावे लागते, आणि ते ताडताना या सबबी आपल्याही आहेत, हे त्याच्या ध्यानी येते. पुण्याचा हा पापभीरू गृहस्थ आज अंबरनाथ-बदलापूरहून मुंबईस कचेरीत जाणाऱ्या वाचकालाही परका वाटत नाही, तो यामुळेच.

कॅमेऱ्याला मात्र चिमणरावाकडे बाहेरून पाहावे लागते. निवेदनाची जागा मुद्रा व हालचाल घेतात; दामुअण्णांची तिरळी नजर भाषेचे काम करू लागते. बुजरा चिमणराव आणि आडदांड गुंड्याभाऊ यांची विजोड जोडी लॉरेल-हार्डींचे स्मरण करून देते. यात लाभही आहे. कथेत गुंड्याभाऊ चिमणरावाच्या वर्णनापुरताच जगतो. पडद्यावर तो बरोबरीच्या नात्याने उभा राहतो. तथापि हास्याची दिशा पालटते. वाचक चिमणरावाला हसता हसता स्वतःला हसतो. प्रेक्षक बहुधा चिमणरावालाच हसतो.

हा विनायकांचा दोष नव्हे. त्यांच्याच ‘ब्रह्मचारी’ (१९३८)ची कथा आचार्य अत्रे यांनी पडद्यासाठी लिहिली होती. तेथे हरवण्याजोगा निवेदकच नव्हता. पुढे १९७० नंतरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी ही जोडी पुन्हा लोकप्रिय केली. मालिकेची भागाभागांची रचना कथांच्या सुटेपणास अधिक मानवणारी होती. निवेदनाचा पेच मात्र तिच्यापुढेही होताच.

तेव्हा रूपांतराची परीक्षा घटनांच्या मोजदादीने करू नये. मूळ कृती वाचकाला कोणाच्या जागी बसवते आणि रूपांतर प्रेक्षकाला कोठे बसवते, ही त्याची खरी कसोटी होय.