पन्नास राज्ये, पन्नास प्रणयकथा : जॅनेट डेली यांच्या प्रवासाचे वाङ्मयीन रूप

प्रवासाची आवड आणि प्रणयकादंबरीचे लेखन यांचा संबंध सांगताना लोकप्रिय वाङ्मयाविषयीची चर्चा बहुधा चरित्रापाशी थांबते. लेखिकेने देश पाहिले, म्हणून तिच्या कादंबऱ्यांत देश आले, असे साधे समीकरण मांडले जाते. या समीकरणातून वाङ्मयप्रकाराविषयी काहीच निष्पन्न होत नाही. पाहिलेले स्थळ प्रणयकथेत शिरताना त्याचे काय होते, आणि स्थळामुळे प्रणयकथेचे काय होते, हा खरा प्रश्न आहे. जॅनेट डेली (१९४४-२०१३) या अमेरिकन लेखिकेच्या ‘अमेरिकाना’ मालिकेच्या आधारे तो येथे तपासावयाचा आहे. तुलनेसाठी सुबोधकुमार चक्रवर्ती यांची ‘रम्याणि वीक्ष्य’ ही बंगाली ग्रंथमाला विचारात घेतली आहे.

डेली यांचा जन्म आयोवा राज्यातला. पुढे ओमाहा येथे बांधकाम व्यवसायातील एका कार्यालयात त्या सचिव होत्या. त्या व्यवसायाचे मालक बिल डेली यांच्याशी त्यांचा विवाह झाला. व्यवसायातून मोकळे होऊन हे दांपत्य मोटारीमागे फिरते घर जोडून देशभर भ्रमंती करू लागले. वाचलेल्या प्रणयकथांहून सरस कथा आपण लिहू शकू, असे डेली म्हणत. तेव्हा ‘मग लिहून दाखव’ असे पतीने आव्हान दिले, ही हकीकत सर्वपरिचित आहे. ‘नो क्वार्टर आस्क्ड’ ही त्यांची पहिली कादंबरी ब्रिटनमध्ये ‘मिल्स अँड बून’कडून १९७४ मध्ये आणि उत्तर अमेरिकेत ‘हार्लेक्विन’कडून १९७६ मध्ये निघाली. हार्लेक्विनच्या त्या पहिल्या अमेरिकन लेखिका. त्यानंतर अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत प्रत्येकी एक कादंबरी घडवण्याचा संकल्प त्यांनी पुरा केला.

तोवरच्या प्रणयकादंबरीत दूरस्थता हे मूल्य होते. ई. एम. हल यांच्या ‘द शेख’ (१९१९) या कादंबरीने वाळवंटाला प्रणयाचे प्रमाणभूत स्थळ बनवले होते. व्हायोलेट विन्स्पिअर या ब्रिटिश लेखिकेने तर आग्नेय इंग्लंडमधील घर न सोडता, ग्रंथालयातील पुस्तकांच्या आधाराने दूरदेशीचे नायक रंगवले. म्हणजे या प्रकाराला प्रत्यक्ष दर्शनाची गरज नव्हती. नायिकेला घरातून बाहेर काढणारा, ओळखीच्या नियमांपासून तोडणारा कोणताही ‘अन्य’ प्रदेश त्याला पुरेसा होता. डेली यांनी हा अन्य प्रदेश स्वदेशात आणला. ‘नो क्वार्टर आस्क्ड’मध्ये न्यूयॉर्कमधली तरुणी वडिलांच्या मृत्यूनंतर टेक्सासमध्ये येते आणि तेथे तिला गुरांच्या मोठ्या कुरणाचा मालक भेटतो. शेखच्या जागी कुरणमालक आला, वाळवंटाच्या जागी माळरान. परंतु यात एक महत्त्वाचा बदल आहे : वाळवंट हे स्वप्नस्थळ होते, तर कुरण हा उपजीविकेचा प्रदेश आहे.

उपजीविका हा ‘अमेरिकाना’ मालिकेचा सर्वांत जमेचा भाग होय. केंटकीची कथा घोड्यांच्या जगात घडते, इंडियानाची मोटारशर्यतीच्या शहरात, लुइझियानाची मिसिसिपीवरील आगबोटीच्या संदर्भात. जॅनिस रॅडवे यांनी ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या ग्रंथात नोंदवले आहे, की प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रिया आपल्या वाचनाचे समर्थन करताना त्यातून मिळणाऱ्या भूगोलाच्या आणि इतिहासाच्या माहितीचा आवर्जून उल्लेख करतात. प्रवास ज्यांच्या वाट्याला येत नाही, त्यांना तो पुस्तकाच्या किमतीत उपलब्ध करून देणे हे डेली यांच्या लेखनाचे सामाजिक कार्य होते. केवळ ‘पलायनवाद’ या एका शब्दात त्याची बोळवण करता येत नाही.

तथापि या मालिकेतील शीर्षके एकत्र वाचली असता वेगळे चित्र दिसते. न्यू मेक्सिकोच्या कादंबरीचे नाव ‘लँड ऑफ एन्चांटमेंट’, मिझुरीच्या कादंबरीचे ‘शो मी’, वेस्ट व्हर्जिनियाच्या कादंबरीचे ‘वाइल्ड अँड वंडरफुल’, व्हर्माँटच्या कादंबरीचे ‘ग्रीन माउंटन मॅन’. ही त्या त्या राज्यांची मिरवलेली बिरुदे आहेत. मोटारींच्या क्रमांकाच्या पाट्यांवर ती छापली जातात. फिरते घर ओढत रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला राज्याची पहिली ओळख या पाटीवरूनच होते. लेखिकेने देश प्रत्यक्ष पाहिला, यात शंका नाही. परंतु पाहण्याची भाषा पर्यटनाने तिच्यासाठी आधीच घडवून ठेवली होती. प्रत्यक्ष दर्शन हे अस्सलपणाची हमी ठरत नाही, हे या शीर्षकांतून स्पष्ट होते.

‘रम्याणि वीक्ष्य’शी केलेली तुलना येथे उद्बोधक ठरते. या मालेचीही योजना देश प्रदेशाप्रदेशाने पाहण्याची आहे आणि तिच्याही अंतरंगात एक प्रेमकथा आहे. मात्र डेली यांच्या कादंबऱ्यांत राज्य बदलले की युगुल बदलते. बंगाली मालेत प्रदेश बदलतो, गोपाल आणि स्वाती तेच राहतात. तिकडे प्रत्येक स्थळी प्रणय पूर्ण होतो आणि प्रवास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो; इकडे प्रवास चालू राहतो आणि त्यासोबत प्रणय लांबत जातो. एका ठिकाणी स्थळ विवाहाकडे नेते, दुसऱ्या ठिकाणी ते उत्कंठा जिवंत ठेवते.

नामकरणातही हाच फरक आहे. चक्रवर्तींच्या खंडांना ‘राजस्थान पर्व’, ‘कालिंदी पर्व’ अशी नावे आहेत. ‘पर्व’ हा शब्द महाभारताचे आणि त्यातील तीर्थयात्रांचे स्मरण देतो. मालेचे नाव शाकुंतलाच्या पाचव्या अंकातून आले आहे. रम्य वस्तू पाहून सुखी माणूसही व्याकूळ होतो, त्याला कुठल्यातरी पूर्वीच्या स्नेहाची नकळत आठवण होते, असा त्या श्लोकाचा आशय. दुष्यंत शकुंतलेला विसरला आहे, अशा क्षणी तो येतो. स्थळ आणि प्रेम यांना जोडणारा दुवा येथे स्मृती हा आहे. डेली यांच्याकडे तो वास्तव्य हा आहे. त्यांची प्रवासिनी अखेरीस रहिवासी होते. अर्थात बंगाली मालाही पर्यटनाच्या मार्गदर्शक भाषेपासून मुक्त नाही. फरक इतकाच, की तिच्या शब्दांमागे पाटीऐवजी परंपरा आहे.

डेली यांच्या कारकिर्दीतील अखेरचा प्रश्न अधिक अवघड आहे. १९९७ मध्ये नोरा रॉबर्ट्स यांच्या कादंबऱ्यांतील मजकूर आपण उचलल्याचे त्यांनी मान्य केले; ‘अ‍ॅस्पन गोल्ड’ (१९९१) आणि ‘नटोरियस’ (१९९६) या कादंबऱ्यांचा त्यात समावेश होता. रॉबर्ट्स यांनीच सांगितलेली आणखी एक गोष्ट येथे आठवते : आरंभी हार्लेक्विनने त्यांचे लेखन परत पाठवले, कारण प्रकाशकांकडे ‘आपली अमेरिकन लेखिका’ आधीच होती. एका लेखिकेने देशाचे पन्नास भाग व्यापल्यावर दुसरीला जागा उरली नव्हती. पुढे त्याच दुसरीच्या शब्दांची पहिलीला गरज भासली. नैतिक निर्णय स्पष्टच आहे. समीक्षेने त्यापुढे जाऊन पाहिले पाहिजे. स्थळ पाहून घेता येते, त्याची माहिती गोळा करता येते. या मालिकेसाठी ते काम मुख्यतः बिल डेली करीत. भावनेची भाषा मात्र अशी फिरून गोळा करता येत नाही.

मराठीत ‘रोमान्स’ या संज्ञेचे दोन पर्याय रूढ आहेत : ‘अद्भुतरम्य’ आणि ‘प्रणयप्रधान’. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांना आपण पहिल्या वर्गात घालतो, विसाव्या शतकातील लोकप्रिय कादंबरीला दुसऱ्या. या विभागणीमुळे प्रवास अद्भुताच्या वाट्याला गेला आणि प्रेम घराच्या. डेली आणि चक्रवर्ती यांच्या संहिता ही विभागणी कृत्रिम असल्याचे दाखवतात. प्रवासवर्णन आणि प्रणयकथा ही मुळात एकाच अनोळखीपणाची दोन नावे आहेत. अनोळखी स्थळाला आपलेसे करणे ही क्रिया अनोळखी व्यक्तीला आपलेसे करण्याहून कितपत भिन्न आहे, हा प्रश्न लोकप्रिय कादंबरीचा तौलनिक अभ्यास करणाऱ्यांनी गांभीर्याने विचारात घ्यावयास हवा.